नानकटाईचा डबा विकायला काढताना: कृती, ओव्हनचे तास आणि भाव

घरचा केक सगळ्यांना आवडतो, ‘विकायला का काढत नाहीस?’ असं दोघंचौघं म्हणतात आणि पहिली ऑर्डर येते ती नेमकी वाढदिवसाच्या क्रीमच्या केकची. सुरुवात तिथून करू नका. क्रीमचा केक ठरल्या दिवशी, ठरल्या तासाला लागतो. मे महिन्यात रिक्षातून नेताना त्याचं क्रीम घसरतं, वरचं नाव चुकलं तर दुरुस्तीला वेळ नसतो आणि ग्राहक फिरकलाच नाही तर तो केक दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. पहिला पदार्थ असा हवा की जो आठवडाभर सहज टिकतो, वजनावर विकला जातो, सवडीने करता येतो आणि एक घाणा बिघडला तर दुसरा लावता येतो. नानकटाई या सगळ्यात बसते. शिवाय दिवाळीत तिला मागणी असते, वर्षभर चहाबरोबर खपते आणि साहित्य कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळतं. म्हणून इथे नानकटाई धरूनच सगळा हिशेब मांडला आहे. खारी बिस्किटं, नाचणीची बिस्किटं किंवा साधा टी-केक करायचा असेल तरी पद्धत हीच.

आधी वजनकाटा घ्या. ओव्हन जुना चालेल, काटा हवाच. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पाच किलो क्षमतेचा साधा डिजिटल काटा पुरतो. वाटीने मैदा मोजला तर तीच वाटी सैल भरल्यावर १२० ग्रॅम भरते आणि दाबून भरल्यावर १५० च्या आसपास जाते. घरच्यांसाठी करताना हा फरक चालतो, हाताला अंदाज असतो. पण गिऱ्हाईक दुसऱ्यांदा मागवतं ते पहिल्यासारखीच मिळेल म्हणून. दर वेळी वेगळी झाली तर पदार्थ कितीही चांगला असो, तिसरी ऑर्डर येत नाही.

अर्ध्या किलोच्या एका डब्याचं प्रमाण

मैदा २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, साजूक तूप १५० ग्रॅम, पिठीसाखर १३५ ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, खायचा सोडा पाव छोटा चमचा, वेलचीपूड १ ग्रॅम, चिमूटभर मीठ, आवडत असेल तर किसलेलं जायफळ आणि वर लावायला पिस्त्याचे काप. चमचा म्हणजे मोजायचा ५ मिलीचा, तोही सपाट भरून. याचा गोळा साधारण ५६० ग्रॅम होतो, म्हणजे २० ग्रॅमच्या २८ नानकटाया. भाजल्यावर एक नानकटाई १९ ग्रॅमच्या आसपास भरते. अर्ध्या किलोच्या डब्यात २७ जातात आणि उरलेली एक चव बघायला ठेवायची. ती खरोखर खाऊन बघा, दर घाण्याची.

बेसन आधी कोरडंच मंद आचेवर चार-पाच मिनिटं भाजा. रंग बदलू द्यायचा नाही, फक्त कच्चा वास गेला पाहिजे. पूर्ण गार करा. मैदा, बेसन, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ दोनदा चाळून घ्या. चाळायचा कंटाळा केला की सोड्याची गुठळी एखाद्याच नानकटाईत जाते आणि नेमकी तीच साबणासारखी लागते. रवा, वेलचीपूड आणि जायफळ चाळल्यावर मिसळा.

सगळा खेळ तुपाचा आहे. तूप वितळलेलं नको आणि फ्रीजमधलं दगडासारखंही नको. बोट दाबलं तर खड्डा पडावा पण बोटावरून ओघळू नये, असं घट्ट रवाळ तूप हवं. थंडीत पुण्या-नाशकात ते ओट्यावर आपोआप तसं असतं. मुंबईत, कोकणात किंवा मे महिन्यात कुठेही ते पातळ होतं. तेव्हा फ्रीजमध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेवून, मधे एकदा ढवळून घट्ट करा. मग तूप आणि पिठीसाखर एकत्र पाच ते सात मिनिटं फेसा. हँड ब्लेंडर वापरला तर तीन मिनिटं पुरे. रंग पांढुरका झाला आणि मिश्रण हलकं वाटायला लागलं की थांबा. दाणेदार साखर घालू नका. ती विरघळत नाही, ओव्हनमध्ये वितळते आणि नानकटाई पसरते.

पीठ दोन भागांत घालून हाताने हलकंच गोळा करा. मळायचं नाही, मळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि खुसखुशीतपणा जातो. गोळा कोरडा वाटला तर दुधाचा हात लावायचा मोह होतो, तो आवरा. अर्धा चमचा तूप घाला. दुधाने नानकटाई मऊ पडते आणि कमी टिकते.

प्रत्येक गोळी काट्यावर २० ग्रॅम तोलूनच घ्या. पहिल्या घाण्याला हे कंटाळवाणं वाटतं, पण एकाच ट्रेमध्ये १६ आणि २४ ग्रॅमच्या गोळ्या असतील तर लहान करपतात आणि मोठ्या आतून कच्च्या राहतात. गोळी वळून किंचित चपटी करा, आवडत असेल तर वर पिस्त्याचा काप दाबा, दोन गोळ्यांत दोन बोटं अंतर ठेवा. भरलेला ट्रे दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवला तर आकार नेटका राहतो.

ओव्हन १६० अंश सेल्सिअसला वरचे-खालचे दोन्ही रॉड लावून पंधरा मिनिटं तापवा. ट्रे मधल्या खाचेत ठेवून १८ ते २० मिनिटं भाजा. वरून नानकटाई फिकट बदामी, कडेला भेगा आणि खालून हलकी तपकिरी झाली की झाली. ओव्हनमधून काढल्यावर ती मऊ लागते आणि नवखा माणूस घाबरून आणखी पाच मिनिटं ठेवतो. तिथेच ती कडक होते. ट्रेमध्येच दहा मिनिटं राहू द्या, मग जाळीवर पूर्ण गार करा. गरम असताना हात लावला तर तुटते.

ओटीजीची ओळख करून घ्या

घरगुती ओटीजीचं (ओव्हन, टोस्टर, ग्रिलर एकत्र असलेल्या विजेच्या ओव्हनचं) बटण १६० दाखवतं तेव्हा आत १४० असू शकतं, १८० सुद्धा. काहीशे रुपयांचा ओव्हन थर्मामीटर आत टांगून एकदा खरं तापमान बघा आणि बटणावर खडूने किंवा टेपने खूण करा. दुसरी चाचणी ब्रेडची: ट्रेभर ब्रेडच्या स्लाइस पसरून १८० अंशाला सात-आठ मिनिटं ठेवा. ज्या कोपऱ्यातली स्लाइस आधी तपकिरी होते तो तुमच्या ओव्हनचा गरम कोपरा. मग नानकटाई भाजताना बाराव्या मिनिटाला ट्रे फिरवायचा की नाही ते आपोआप कळतं. खालून लवकर करपत असेल तर एकाखाली दुसरा रिकामा ट्रे लावा.

दोन ट्रे एकावर एक लावून वेळ वाचवायचा प्रयत्न पंखा नसलेल्या ओटीजीत फसतो. वरच्या ट्रेला वरूनच आच लागते आणि खालच्याला खालूनच. एका वेळी एकच ट्रे, हे गृहीत धरूनच पुढचा हिशेब करा.

बिघडलं तर कुठे बघायचं

नानकटाई पसरून चपटी झाली तर पहिला संशय तुपावर. ते पातळ होतं, किंवा ओव्हन नीट तापला नव्हता आणि भाजायला लागण्याआधीच तूप वितळलं. त्यानंतर सोडा. जास्त सोड्याने नानकटाई आधी फुगते, मग बसते, आणि रंगही नेहमीपेक्षा गडद येतो. भेगाच पडल्या नाहीत तर ओव्हन थंड होता किंवा गोळा ओलसर होता. हातात घेताच भुगा होत असेल तर तूप कमी पडलं किंवा पीठ जास्त झालं. वाटीने मोजणाऱ्यांकडे हे फार होतं. घशात चिकटल्यासारखी वाटली तर बेसन कच्चं राहिलं. कडक झाली तर जास्त भाजली गेली किंवा पीठ मळलं गेलं.

एका वेळी एकच गोष्ट बदला. तूप, तापमान आणि सोडा तिन्ही एकदम बदलले तर पुढचा घाणा सुधारला तरी कशामुळे सुधारला ते कळणार नाही. वही ठेवा: तारीख, कोणत्या कंपनीचा मैदा, खोली गरम होती की थंड, किती मिनिटं, काढल्यावर कशी होती. सलग पाच घाणे डोळे झाकून ओळखता येणार नाहीत इतके सारखे आले की विकायला काढा, त्याआधी नाही.

ओव्हनचे तास मोजा

ऑर्डर घेण्याआधी हे गणित हवं, आणि बहुतेक जण नेमकं हेच सोडतात. ३० लिटरच्या ओटीजीच्या ट्रेमध्ये २० ग्रॅमच्या १६ गोळ्या सुटसुटीत बसतात. भाजायला २० मिनिटं, ट्रे काढून दुसरा लावायला आणि ओव्हन पुन्हा तापायला पाच मिनिटं. म्हणजे एक ट्रे २५ मिनिटांचा. दोन किलोला १०८ नानकटाया, सात ट्रे, जवळपास तीन तास. त्यात आधीची तयारी, नंतर डबे भरणं, भांडी घासणं, ओटा पुसणं धरलं की दोन किलोला चार तास होतात.

आता दिवाळीच्या आधी कुणी ‘ऑफिससाठी दहा किलो हवी आहे’ म्हणालं तर त्याचा अर्थ वीस तास. घरचा स्वयंपाक, मुलं किंवा नोकरी सांभाळून रोज चार तास निघत असतील तर पाच दिवस. ‘हो’ म्हणायच्या आधी कॅलेंडर बघा. दोन ट्रे विकत घेतले, म्हणजे एक भाजत असताना दुसरा भरता येतो, तर बरीच धावपळ कमी होते. नवा ओव्हन घेण्याआधी हा स्वस्त उपाय करून बघा.

भाव कसा काढायचा

‘सामानाच्या दुप्पट’ हा सगळीकडे ऐकू येणारा हिशेब नानकटाईला लागू पडत नाही, कारण इथे सामानाइतकाच खर्च हातांच्या वेळेचा आहे. खालचे भाव उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावातले घाला.

तूप ६५० रुपये किलो धरलं तर १५० ग्रॅमचे साधारण ९८ रुपये. मैदा १०, बेसन ५, रवा सव्वा, पिठीसाखर साडेसात, वेलची साडेतीन, सोडा-पावडरचा १ रुपया. सामान १२६ रुपये. डबा, बटर पेपर आणि लेबल मिळून २२. वीज: १५०० वॉटचा ओव्हन सतत पूर्ण ताकदीने चालत नाही, थर्मोस्टॅट मधे मधे बंद करतो, तरी एका डब्यामागे एक युनिट धरा, १० रुपये. तुटलेल्या, करपलेल्या, चाखलेल्या नानकटायांचे ६. इथपर्यंत १६४ झाले.

दोन किलोला चार तास, म्हणजे अर्ध्या किलोच्या एका डब्यामागे एक तास. तासाला १२० रुपये मजुरी धरली तर २८४. काटा, ट्रे, ब्लेंडर झिजतात, फोनचा खर्च असतो, सामान आणायला गाडी जाते. त्यासाठी दहा टक्के, म्हणजे २८. झाले ३१२. त्यावर पंधरा टक्के नफा घेतला की ३५९, म्हणजे डबा ३६० रुपयांना. किलो ७२०.

हाच डबा ‘सामानाच्या दुप्पट’ हिशेबाने २५२ ला जातो. त्यातून १६४ चा रोकडा खर्च आणि २८ ची झीज वजा केली की तासाभराच्या उभ्या कामाचे हाती ६० रुपये राहतात. ओव्हनसमोर चार तास उभं राहून २४० रुपये मिळतात हे दोन महिन्यांनी लक्षात येतं, आणि मग पहिल्यांदा आवड संपते.

३६० महाग वाटेल अशी भीती सगळ्यांनाच वाटते. बेकरीतली नानकटाई याच्या निम्म्या भावात मिळते, पण ती बहुधा वनस्पती तुपातली असते. तुमची साजूक तुपातली असेल तर डब्यावर ठळक लिहा आणि तुपात कधीही भेसळ करू नका. स्वस्त प्रकार हवाच असेल तर वनस्पतीतली नानकटाई वेगळ्या नावाने, वेगळ्या भावाने, लेबलवर स्पष्ट लिहून विका. भाव तोच ठेवून आत गुपचूप निम्मं वनस्पती घालणं ही फसवणूक आहे, आणि तूप ओळखणाऱ्या घरात ती पहिल्या घासाला पकडली जाते.

नातेवाईक आणि शेजारी हा अवघड भाग. ‘तुझ्याकडून काय पैसे द्यायचे?’ असं मावशी हसत म्हणते आणि तोंडातून शब्द फुटत नाही. यावर उपाय छापील भावपत्रक. कुणी विचारलं की आधी ते व्हॉट्सअॅपवर पाठवायचं, मग बोलायचं. भेट द्यायची असेल तर आनंदाने पूर्ण डबा भेट द्या, पण अर्ध्या किमतीत विकू नका. तोच भाव मग सोसायटीभर होतो.

टिकाऊपणा, लेबल, नोंदणी

किती दिवस टिकते हे अंदाजाने लिहू नका. एकाच घाण्यातल्या नानकटाया विक्रीच्या डब्यांत भरून ओट्यावर ठेवा. तिसऱ्या, सातव्या, दहाव्या, पंधराव्या आणि एकविसाव्या दिवशी एकेक डबा उघडा. वास घ्या, तोडून बघा, खा. तूप खवट लागायला लागलं किंवा नानकटाई सादळली तो दिवस नोंदवा आणि लेबलवर त्याच्या बराच आधीचा दिवस लिहा. ही चाचणी एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात करा. जुलैतल्या रत्नागिरीत किंवा ठाण्यात सादळायला फार वेळ लागत नाही. पूर्ण गार होण्याआधी डबा बंद केला तर आतल्या वाफेने कुठल्याही ऋतूत सादळते.

घरून विकत असलात तरी अन्नव्यवसाय म्हणून एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनी छोट्या व्यावसायिकांसाठी, म्हणजे वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी, साधी नोंदणी ठेवली आणि तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये ठरवलं. मर्यादा आणि शुल्क बदलू शकतं, अर्ज भरताना पोर्टलवर ताजं बघा. अर्ज फॉसकॉस पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा तयार ठेवा. फॉर्म स्वतः भरता येतो, त्यासाठी दलालाला हजारो रुपये मोजायची गरज नाही. मिळालेला १४ आकडी क्रमांक प्रत्येक डब्यावर छापा.

लेबलवर पदार्थाचं नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची आणि वापरण्याची शेवटची तारीख, घाण्याचा क्रमांक, तुमचं नाव-पत्ता आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह हवं. अंडं असलेला पदार्थ नियमाने मांसाहारी चिन्हाखाली येतो. नानकटाईत गहू आणि दूध आहे, आणि पिस्ता लावला असेल तर तोही, हे वेगळं लिहा. काहींना त्यांची अॅलर्जी असते. घाण्याचा क्रमांक म्हणजे वहीतल्या नोंदीचाच क्रमांक ठेवा. तक्रार आली की त्या दिवशीचं तूप कुठलं होतं, हे एका मिनिटात सापडतं.

स्वयंपाकघरात विक्रीचं काम आणि घरचा स्वयंपाक एकाच वेळी नको. फोडणीचा वास तुपाला पटकन लागतो. रवा-बेसन थोडं थोडं आणा, आधीचं आधी संपवा, पावसाळ्यात अळ्या-जाळी बघूनच वापरा.

ऑर्डर घेताना

फोनवर ठरलेलं सगळं लगेच लिहून पाठवा: काय, किती, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोण न्यायला येणार, किती पैसे. निम्मे पैसे आधी घ्या. ते आल्याशिवाय तूप आणायला जाऊ नका. ऑर्डरीच्या पैशांसाठी बँकेत वेगळं खातं ठेवा, नाहीतर महिनाअखेरीस भाजी आणि बेसन एकाच हिशेबात मिसळतात.

नोकरी सोडून यात पडायचा विचार असेल तर आधी सहा महिने, एक दिवाळी धरून, बाजूने करा. सणासुदीला घर मजेत असताना तुम्ही ओव्हनपाशी असणार, रविवारी पाहुणे आले तरी ट्रे काढायला उठावं लागणार, पाय आणि कंबर भरून येणार. हे झेपतं का, हे त्या सहा महिन्यांत कळतं. दर महिन्याचा आकडा मजुरी धरून काढा. तासाचे १२० रुपये सुटत नसतील तर भाव वाढवा किंवा पदार्थ बदला, तास वाढवू नका.

केककडे केव्हा वळायचं

नानकटाई सहज निघायला लागली की बिनअंड्याचा स्पंज शिका. श्रावणात त्याच्या ऑर्डरी वाढतात. सात इंची टिनसाठी घट्ट दही २४० ग्रॅम, साखर १५०, वास नसलेलं तेल ११० ग्रॅम, मैदा १९०, बेकिंग पावडर सव्वा छोटा चमचा, सोडा अर्धा, व्हॅनिला एक चमचा. दही-साखर एकत्र घोटा, साखर विरघळली की सोडा-पावडर घालून पाच मिनिटं फेस येऊ द्या, तेल-व्हॅनिला घाला, मैदा चाळून दोन भागांत मिसळा आणि लगेच तापलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशाला ३५ ते ४० मिनिटं. मिश्रण ओट्यावर पडून राहिलं की फेस निघून जातो आणि केक दाट होतो. पहिल्या २५ मिनिटांत दार उघडलं किंवा काडी ओली येत असताना काढला तर मध्ये खचतो. जास्त फेटलं तर रबरासारखा लागतो.

हा स्पंज सहाशे ग्रॅमच्या थोडा वर भरतो. वरचा फुगवटा कापून, साखरेचं पाणी शंभर ग्रॅम आणि क्रीम तीनशे ग्रॅम लावलं की किलोभराचा केक होतो. खालच्या बोर्डाचं वजन त्यात धरायचं नाही. फ्रीजरमधलं गोठलेलं क्रीमचं पॅकेट रात्रभर फ्रीजमध्ये पूर्ण वितळू द्या, पण फेटताना ते आणि भांडं दोन्ही थंडगार हवीत. उन्हाळ्यात भांडं बर्फावर ठेवून फेटा. पहिल्या दोन महिन्यांत क्रीमचे केक चालत नेता येतील इतक्याच अंतरावर द्या आणि वर लिहायचं नाव ग्राहकाकडून लिहूनच घ्या, फोनवर ऐकून नाही.

दुसरा ओव्हन तेव्हाच घ्या, जेव्हा सलग महिनाभर ओव्हनचे तास कमी पडून ऑर्डरी परत पाठवाव्या लागल्या असतील, आणि त्या सगळ्या ऑर्डरींची नोंद वहीत असेल.